बिनदाराचं घर

पाडायला घेतलेल्या इमारतीत रिकाम्या घरांची दारं काढून न्यायची, ही बिल्डरची पद्धत. गेलेला माणूस परत फिरकायला नको. शिंपीणबाई एकट्याच हटून बसल्या होत्या: "आधी नव्या घराचा करार नोंदवा, मगच किल्ली." आज त्या भाजी घेऊन परतल्या, तर दार गायब, चौकट तेवढी उभी. जिन्यात बिल्डरचा मॅनेजर हसला. "मावशी, किल्ली ठेवा आता जपून." बाईंनी पिशवी ठेवली आणि एकेका शेजाऱ्याला फोन लावला. संध्याकाळी मॅनेजर आला, तेव्हा खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कराराआधीच किल्ल्या देऊन पस्तावलेले झाडून सगळे शिलाई मशीनभोवती बसले होते, मधोमध वकीलबाई. "ही मीटिंग कुणी बोलावली?" "तुम्हीच की! दार काढून नेलंत, आम्हाला वाटलं, सगळ्यांना या म्हणताय." तो आत निघाला. शिंपीणबाईंनी हात आडवा केला. "उंबरठा अजून माझाच आहे. बूट काढा."