रिकाम्या पोटी

“असं समजा, कोठार धान्याने भरलंय, पण ते चुलीपर्यंत न्यायला माणूसच नाही,” खाटेवरच्या मुलीचा रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चरबी जाळून ताकद मिळवायची, तर शरीरात एक एन्झाइम लागतं. हिच्यात ते जन्मापासून कमी आहे. पोटात काही असेल तोवर निभावतं. उपाशीपोटी फार पळाली, की स्नायूच तुटायला लागतात. त्यांचा गाळ मूत्रपिंडात जातो, म्हणून लघवी काळपट झाली.”

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मैदानावरून तसेच आले होते, बुटांना माती होती. पळणाऱ्या मुलींचे ते कोच. सकाळी रिकाम्या पोटी पळायचं, म्हणजे चरबी जळते, हा त्यांचाच नियम. पुतणीला तर त्यांनी तो सगळ्यांपेक्षा कडक लावला होता. नात्यातली म्हणून सूट दिली, असं कोणी म्हणायला नको.

“दाखल करताना तुम्ही सांगितलंय, असं पहिल्यांदाच झालं,” डॉक्टरीणबाई मुलीच्या आईला, काकांच्या वहिनींना, म्हणाल्या. “मग उद्या घरी सोडते. आधीही झालं असेल, तर मूत्रपिंडाच्या आणखी तपासण्या कराव्या लागतील. नीट आठवून सांगा.”

“पहिल्यांदाच,” वहिनी म्हणाल्या. “भावजींनी उचलून आणलं म्हणून थोडक्यात निभावलं. त्यांचे उपकार कसे फेडायचे, तेच कळत नाही.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपकार म्हणे. पुतणी डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा हलत नाहीत. तिने आईला काहीच सांगितलं नव्हतं, आताही सांगेलसं दिसत नव्हतं. म्हणजे काका गप्प बसले असते, तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती आणि पोर उद्या तशीच घरी गेली असती. डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं.

“पहिल्यांदा नाही,” काका म्हणाले. “गेल्या महिन्यातही झालं होतं. पाय आखडले होते आणि लघवी चहासारखी झाली होती. तिने मला सांगितलं होतं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मला वाटलं, पळायचा कंटाळा. नाटकं बंद कर म्हटलं. आणि दोन फेऱ्या वाढवल्या.”

पांघरूण सारखं करणारा वहिनींचा हात जागीच थांबला. डॉक्टरीणबाई खाली मान घालून लिहीत राहिल्या.

पुतणीने डोळे उघडले नाहीत.

“चार फेऱ्या,” ती म्हणाली.