दोन नावाडी, एक बोट

पेरूतल्या उकायाली नदीवरच्या आमच्या दवाखान्याची बोट एकच. ती कोणी चालवायची, हे मी, तिथली नर्स, ठरवणार होते. दोघा नावाड्यांच्या दहा-दहा फेऱ्या मोजल्या. एवारिस्तो पेशंटपर्यंत दर वेळी चाळीस मिनिटांत पोचला. निलो बहुतेकदा विसात. पण वाटेत कुणी मसातोचा, कंदाच्या दारूचा, वाडगा पुढे केला की पीत बसायचा, मग साठ. सरासरी अठ्ठावीस.

"मी वाडगा नाकारून शिव्या खातो बाई, पण वेळ चुकवत नाही," एवारिस्तो म्हणाला.

"आकड्यांपेक्षा तू शहाणा का रे?" म्हणत मी निलोला नेमलं.

महिन्याभरात एवारिस्तोची बाळंतपणात अडलेली लेक बोटीची वाट बघत धक्क्यावरच मेली. निलोला त्या दिवशी शंभर मिनिटं लागली.



ती शंभर धरूनही सरासरी निलोचीच कमी येते. मी रोज पुन्हा काढून बघते.