नवी चाल

“पुन्हा,” अप्पा म्हणाले. “खांदा आला बघ पुढे.”

कोंडीराम भिंतीपाशी परत गेला. अंगावर नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, मिशी सफाचट. गिरगावातल्या चाळीत अप्पांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेऊन तो सकाळपासून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता.

“माझ्याच्यानं नाय व्हायचं, अप्पा. लक्ष दिलं की पाय अडखळतात. नाय दिलं की जुनी चाल येते.”

“येणारच. तू कुठे चालतोस? तुझी गिरणी चालते.”

ते खरंच होतं. लालबागच्या गिरणीत कापड विणायच्या दोन साच्यांमधल्या अरुंद बोळात कोंडीरामची जवानी गेली होती. तिथे उजवा खांदा पुढे काढून तिरपंच सरकावं लागे. मग मोकळ्या रस्त्यावरही तो तसाच चाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यानंतर त्याने गिरणी बंद पाडली आणि त्याच्या नावावर वॉरंट निघालं. पोलिसांनी त्याच्या शेजारच्या साच्यावरचा बुधाजी फोडला. कोंडीराम गिरगावात असल्याचा वास लागल्यापासून बुधाजी गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याजवळ बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत असे.

अप्पा तरुणपणी नाटक कंपनीत नायिकेची कामं करीत. आता केस पांढरे झाले होते, पण पाण्याचा तांब्या उचलताना मनगट अजून तसंच वळे. त्यांचा एकुलता एक वसंता मोर्च्यातच धरला गेला होता आणि अजून आत होता. म्हणून तर इतरांनी दारं लावून घेतली तेव्हा या घराने कोंडीरामला आसरा दिला.

“आमच्या गिरणीतला शिवा पण इथूनच गेला ना, अप्पा? असाच लुगडं नेसून?”

अप्पांनी त्याच्या निऱ्या नीट केल्या. “हो. वाटेत सापडला. चाल छान जमली होती त्याला.” मग जरा थांबून म्हणाले, “नशीब एकेकाचं.”

शिवाला कोठडीत फार मारलं, असं कानावर आलं होतं. वरळी कोळीवाड्यात कोंडीरामसाठी होडी तयार होती. तिथवर पोचलं की पुढे कोकण. सापडला तर मात्र साथीदारांची नावं आपल्या तोंडून निघणार नाहीत, याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

“आता वळण,” अप्पा म्हणाले. “कोपरा आला की क्षणभर थबक. डाव्या हाताने पदर सावर. मग पाऊल टाक.”

“दर वळणाला?”

“दर वळणाला. बाई वळते ना, तेव्हा आधी तिचा पदर वळतो.”

त्यांनी स्वतः करून दाखवलं. कोंडीराम बघतच राहिला. त्या खोलीत क्षणभर खरोखर एक बाई वळून गेली होती.

पुढचे दिवस तेच. अप्पा रागावत नसत, थकत नसत. “विचार करू नकोस. मन बाजूला झालं की पाय शिकतात,” एवढंच म्हणत. वळणावर मात्र त्यांची नजर फार बारीक असे. हात जरा उशिरा उठला तरी पुन्हा.

आणि एका संध्याकाळी कोंडीराम मोरीकडे पाणी प्यायला गेला. अंगावर नुसती बंडी आणि लेंगा. खाटेच्या कोपऱ्याशी तो थबकला. डावा हात आपोआप खांद्याकडे गेला, नसलेला पदर सावरून खाली आला.

तो जागीच गोठला. मग मुद्दाम उजवा खांदा काढून साच्यांमधली चाल चालून पाहिली. जमली नाही. दुसऱ्याच कुणाचे तरी पाय आपल्याला लावलेत, असं वाटून त्याच्या अंगावर काटा आला.

“झालं!” दारातून अप्पा म्हणाले. ते बाहेरून आत्ताच परतले होते. चेहरा दमलेला, पण डोळ्यांत पाणी. “पाय तयार झाले तुझे. उद्या दुपारी नीघ. आणि हो, वसंता सुटतोय म्हणतात.”

कोंडीरामने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अप्पांनी झटकन पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी तो भर उन्हात बाहेर पडला. पानवाल्याजवळ बुधाजी बसला होता. त्याची नजर लुगड्याच्या काठावर आली, पावलांवर रेंगाळली आणि पुढच्या माणसाकडे गेली. कोंडीरामला हसू दाबावं लागलं. सात वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस त्याला ओळखू शकला नव्हता.

ठाकूरद्वारच्या रस्त्याला वर्दळ होती. पुढे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका चालल्या होत्या. त्या कोपऱ्यावर वळल्या. थबकल्या नाहीत. मागून एक म्हातारी आली, तीही सरळ वळून गेली. मग पोर कडेवर घेतलेली एक बाई. पदराला कुणीच हात लावला नाही.

कोंडीरामची पावलं मंदावली. अप्पांच्या नाटकातली जुनी लकब असेल, त्याने मनाला समजावलं. आपण नाही करायचं. सरळ वळायचं, त्या बायकांसारखं.

कोपऱ्यावर एक फौजदार आणि हवालदार उभे होते. दोघांनाही त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही त्याला नाही. हात खाली, तो स्वतःला बजावत राहिला. हात खाली. त्याने डाव्या हाताची मूठ घट्ट आवळली.

कोपरा आला. पाय थबकले. मूठ आपोआप उलगडली, हात खांद्यापर्यंत गेला आणि पदर सावरून हळुवार खाली आला.

फौजदाराने पुढे होऊन ते मनगट धरलं.

“‘वळणावर पदर सावरेल तेव्हा धरा, माझ्या दारात नको,’” तो हवालदाराला म्हणाला, “असं अप्पा बोलले होते ना, अगदी तस्सं.”