बगलेतली केशरी पिसं

उन्हाळी सुट्टीत शाळेने दिंडोरीजवळच्या तलावावर पक्षी बघायची सहल काढली, तेव्हा ईश्वरीने हट्टाने पप्पांनाही नेलं. ललितची द्राक्षाची बाग, सहलीबिहलीला जाणारा माणूस नव्हे तो. पण तिथे फांदीवर काही हललं की बाईंच्या आधी हाच नाव सांगून मोकळा. शिंजीर दिसला तर म्हणाला, "याच्या बगलेत केशरी पिसं असतात बघा."

बाईंनी दुर्बीण खाली घेतली. "अहो, पंख मिटले की ती दिसत नाहीत! तुम्हाला कशी माहीत?"

"माझ्या पप्पांना सगळं येतं," ईश्वरी ऐटीत म्हणाली.

मग बाईंनी डोळे मिटून आवाज ओळखायला सांगितलं. झाडीतून एक शीळ आली, मग दुसरी, तिसरी. आवाज कानावरचे होते, पण कोणता कोणाचा, हे ललितला एकदाही सांगता येईना.

ईश्वरीला हसू फुटलं. "पप्पा, यांना गाताना कधी पाहिलंच नाही का तुम्ही?"

ललितने डोळे उघडलेच नाहीत.



बागेवरच्या जाळीत अडकलेले पक्षी तो रोज सकाळी काढायचा, तोवर त्यांतला एकही गायला उरलेला नसे.