राजाबाईची तळी

सातारा गावच्या खंडोबापुढं ताट भरून तयार होतं. तळी उचलायला पाच माणसं लागतात. सोनाजी बसला, त्याचा मेव्हणा कडुबा बसला. दर्शनाला आलेले दोन अनोळखी बाप्येही गुडघे टेकून बसले.

पाचवा हनुमान. सोनाजी-राजाबाईचा पोरगा. बटनाच्या, म्हणजे नशेच्या गोळ्यांतून तो सुटला तर तळी भरीन, असा राजाबाईचा नवस होता. आता तो व्यसनमुक्ती केंद्रातून परतला होता, शेंद्र्याला कंपनीत कामालाही लागला होता.

हनुमान उभाच राहिला.

"बस की रं," राजाबाई म्हणाली.

"माय, मागच्या आठवड्यात घेतली म्या. एकच. पर घेतली."

सोनाजी ताडकन उठला. त्यानं हात उगारला तशी राजाबाई मध्ये आली.

"देवाम्होरं अब्रू घालवली यानं!" सोनाजी ओरडला. " चल घरी. नवस फळला नाय, आता तळी कशाची भरायची?"

राजाबाई पोराकडं बघत राहिली. खिशात गोळ्या असताना यानंच भंडारा हातात घेऊन शपथा खाल्ल्या होत्या. दर वेळी त्याच्या डोळ्यांवरून तिला कळायचं, तरी दर वेळी ती खरं मानल्यासारखं हो म्हणायची. आज तर कुणी विचारलंही नव्हतं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं?

"भ्या नाय वाटलं व्हय सांगाया?"

"लई वाटलं. पर इथं बसून येळकोट म्हणवंना."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. लहानपणी पुसायची तसा, जरा रगडूनच.

"नवस ऱ्हाऊ दे तसाच. देव कुठं पळून चाललाय? उद्या केंद्रातल्या डॉक्टरकडं जाऊ, आपण दोघं." मग ती नवऱ्याकडं वळली. "आजची तळी लेकरू खरं बोललं म्हणून. बसा."

अनोळखी माणसांनी माना खाली घातल्या होत्या, पण उठलं कुणी नाही. शेवटी सोनाजी खाली बसला. ताटात होतं काय, चार पानं, खोबऱ्याची वाटी आणि मूठभर भंडारा. त्यानं कड धरली आणि कुणाकडं न बघता थोडा बाजूला सरकला.

"ये. धर तिकडून," तो म्हणाला. "जड हाय."