रविवारच्या सभेची परवानगी

“नळ कितव्या दिवशी येतो, काकाजी?” रुचिकाने कागद मांडीवर घेत विचारलं.

“आठव्या,” अच्युतराव म्हणाले. “आला तं.”

वर्ध्याच्या कॉलेजातली ही मुलगी सकाळपासून वस्तीत घरोघर फिरत होती. लोकांचं राहणीमान आणि जहाल संघटनांना मिळणारा पाठिंबा, हा तिचा विषय. पुलगाव कालच उरकलं होतं.

“घरात माणसं?”

“दोन. मी अन् आमच्या आनंदाबाई. ते आत पडून हाये. डोळे गेले तिचे.”

“बेरोजगार कोणी?”

“पोरगा होता. चार वर्षं फारमच भरले त्यानं. आता लागला. फिरतीचं काम हाये.”

“संघटनेच्या सभांना जाता?”

“एकही चुकवली नाई. पयल्या रांगेत बसतो.”

रुचिकाने छतापर्यंत रचलेल्या पुस्तकांकडे पाहिलं. “तुम्ही?”

“टँकर कोन पाठवते, बेटा? तेच न! नळवाले तं फोनही उचलत नाई.”

तिने ‘टँकर’ लिहून खाली रेघ ओढली. “भाषणातलं काय पटतं?”

अच्युतराव आठवू लागले. एकही मुद्दा आठवेना. ते ओशाळले. “बोलते चांगला,” एवढंच म्हणाले. मग घाईने विचारलं, “रविवारची सभा होईन न?”

“तेच तर ठरायचं आहे. परवानगी देणाऱ्या कलेक्टर साहेबांनी आमच्या कॉलेजचा अहवाल मागवलाय. सभेनंतर वस्तीत ताण वाढतो असं लोक म्हणाले, तर परवानगी नाही. मग वर्षभर इकडे सभाच नाही.”

“वर्षभर?”

“हो. मागच्या सभेनंतर इथे काही झालं?”

समोर गोपालचं सायकलचं दुकान. तीस वर्षं त्याने अच्युतरावांच्या सायकलीत हवा भरली, एक पैसा घेतला नाही. त्या दिवशी त्याच्या हाका त्यांना स्पष्ट ऐकू आल्या होत्या. त्यांनी दाराची कडी काढली नव्हती. आता गोपाल हाताला प्लास्टर घालून बहिणीकडे नागपुरात होता.

“नाई,” अच्युतराव म्हणाले. “काहीच नाई झालं.”

“ते शटर चेपलंय ना?”

“गाडी धडकली.”

तिने लिहून घेतलं. त्यांनी खाली सही केली.

“पक्के कार्यकर्ते दिसता, काकाजी!” ती हसत उठली.

तेही कसंबसं हसले. ती पुढच्या घरी गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि आत येऊन मोबाइलवर मागच्या सभेचं भाषण सुरू केलं.

“घरात घुसून मारू!” आवाज कडाडला. टाळ्या पडल्या. आनंदाबाईंनी चाचपडत मोबाइल कानाशी धरला आणि भाषण संपेपर्यंत हलल्या नाहीत.

“आखीन एकडाव लावा न जी,” त्या म्हणाल्या. “घसा बसला वाटते आपल्या सुमीतचा.”