पाचवी मागणी

या, जरा जवळ सरका. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो, मधे उठू मात्र नका.

"चारच? पाचवी कुठाय?" लसादनं विचारलं.

समोर चटईवर शेतमजूर बायकांची संघटना बसली होती. सरकारदरबारी आपलं म्हणणं कसं गळी उतरवावं, हे संस्थांना शिकवणं हा लसादचा धंदा. त्यासाठीच तो राजधानी ट्यूनिसहून इतक्या लांब आला होता. गेल्या ऑलिव्हच्या हंगामात, बायकांना उभ्यानं कोंबून नेणारा ट्रक वळणावर कलंडला आणि सहाजणी गेल्या. त्यांत मब्रूकामावशीची लेक वर्दा होती.

कागदावर चार मागण्या होत्या. बाकं असलेली बस, चालकांची तपासणी, रस्त्यावर चौकी, जवळपास दवाखाना.

"चार पुरे की," कुणीतरी म्हणालं.

"नाही. सोडून द्यायला एक लागते. मंत्री ती नाकारतो, त्याचा मान राहतो, बाकीच्या आपल्या पदरात पडतात. मंत्रालयातली माणसं मला पाठ आहेत. निम्मे माझेच विद्यार्थी."

"म्हणजे बाजारासारखंच," मब्रूका म्हणाली. "मुळ्याचा भाव करताना कोथिंबीर फुकट मागायची."

बायका हसल्या. लसादही हसला.

"तसंच, मावशी. अशी सांगा, जी गेली तरी काही अडणार नाही."

मब्रूकानं क्षणभर विचार केला. "मग लिही. वळणावर संगमरवरी दगड, पोरींची नावं कोरून."

लसादनं पेन खाली ठेवलं. "वर्दाचं नाव सोडून द्यायचं, मावशी?"

"मला कुठं वाचता येतं, बाळा? आणि वर्दाला दगड नको होता, बाकडं हवं होतं. उद्या पहाटे मी त्याच ट्रकात चढणार. हे गुडघे मेले वाकत नाहीत, आत सरकता येत नाही. मागचा फाळका धरून उभी असते. मला तू बस आण."

मग त्यानं तिच्याकडून तीन मिनिटांचं बोलणं घोटून घेतलं.

"रडायचं नाही?" तिनं विचारलं.

"रडू त्यांना यायला हवं."

"कळलं. पैगंबरांच्या जन्मरात्री आमचे शेख गातात ना, तसं. स्वतः कोरडे, ऐकणारे ओले."

मंत्र्यांसमोर ती तशीच बोलली. चहा देणारा शिपाईसुद्धा ट्रे धरून थबकला. मंत्री उठले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, तुमचं दुःख ते माझं दुःख. पहिल्या चार मागण्यांचा समिती अभ्यास करेल. पण पाचवी मी आत्ता, या क्षणी मंजूर करतो!"

टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मब्रूका लसादकडे बघत राहिली.

लसादनं मंत्र्यांच्या सल्लागाराला दारातच गाठलं. "अहो, ती सोडायची मागणी होती!"

"माहितीये की, सर." सल्लागार अदबीनं म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात तुमच्याच वर्गात बसलो होतो. यादी आली की शेवटची द्यावी. स्वस्त पडते, आणि फोटो तोच येतो."

महिन्याभरात दगड आला. पांढराशुभ्र, अक्षरं सरळ. पहाटे बायकांचा ट्रक तिथं थांबला. मब्रूका कशीबशी खाली उतरली.

"यात माझी वर्दा कुठली गं?"

कुणीतरी तिचं बोट धरून वर्दाच्या नावावर ठेवलं. ते बोट हळूहळू खाली येत सहाव्या नावाच्याही खाली गेलं आणि गुळगुळीत दगडावर थांबलं.

"इथं काहीच नाही?"

"जागा सोडलीय, मावशी," दगड बसवणारा गवंडी खाली मान घालून म्हणाला. "वरूनच तसं सांगून आलंय."

चालकानं भोंगा वाजवला. मब्रूका फाळका धरून पुन्हा चढली.

आज घरी जाऊन देवापुढे बसाल, तेव्हा मब्रूकाची आठवण ठेवा. तिचं नाव वरून सातवं आहे.